‘स्लर्प’चं भांडण

मल्ल्या, पहिल्यांदाच सांगून टाकतो, मी तुझ्या खुर्चीत बसून लिहितोय. रागावलास तरी उठणार नाही. नव्या मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, ही खुर्ची आता स्टोअररूममध्ये ठेवूया. मी म्हटलं, अजिबात नाही, मी बसणार आहे तिच्यावर. माझी डुगडुगते. नवी मागून घेऊ म्हणून तुला सांगून सांगून थकलो होतो, तर तू म्हणायचास, "खुर्ची न्हाय बे दत्त्या, तूच डुगडुगतोयस." बोल आता. बोलायला आहेस कुठं?

तुला माती देऊन आलो त्याला आठवडा झाला नाही अजून. तुमच्या लिंगायतांत बसवून माती देतात. कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि तू असा ताठ बसलेला की मला वाटलं, आता डोळे उघडून म्हणशील, "बघत काय बसलायस, चहा सांग की." नंतर शाळेत शोकसभा झाली. तुझी शिस्त, तुझा वक्तशीरपणा, तुझं इंग्रजी, सगळ्यावर सगळे बोलले. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. तसलं काही नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते फोटोसमोर हात जोडून सांगण्यासारखं नव्हतं. एवढ्या माणसांत कसं सांगणार, की हा मल्लिनाथ चहा पिताना असा आवाज काढायचा की पलीकडच्या वर्गातली पोरं पाढा म्हणता म्हणता थांबायची?

थांबून हसायची, आणि तू इथून ओरडायचास, "थांबला का बे? सात सक किती?"

काय तो आवाज! आधी बशीवर एक फुंकर. मग बशीची कड ओठाला, आणि मग तो लांबलचक फुर्रर्र. चहा संपला तरी आवाज आपला थोडा वेळ चालूच. शेवटी डोळे मिटून एक "हां". समोरच्या टपरीवर कागदी कप आले तेव्हा तू केवढा भडकला होतास. कागदी कपातला चहा म्हणजे आजाऱ्याचा चहा म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी घरून चिनीमातीची कपबशी आणून टेबलाच्या खणात ठेवलीस. वहिनी शोधत बसल्या, सेटमधली एक कुठं गेली म्हणून.

मी ह्या शाळेत हजर झालो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सांगोल्याकडचा मी, सोलापूरजवळच्या ह्या कुंभारीत नवा. इथं निम्मी माणसं कानडीत बोलणार, निम्मी तेलुगूत, मला वाटलं आपण परमुलखात येऊन पडलो. तू एकच चहा मागवलास. माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलंस, अर्धा चहा बशीत ओतलास आणि कप माझ्याकडं सरकवलास. "कप तुला, बशी मला." बास, एवढंच. कुठला, कुणाचा, कुणाच्यातला, काही विचारलं नाहीस. त्या दिवसापासून कप माझा आणि बशी तुझी. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर म्हणाला असतास, "ताप आलाय का बे?" म्हणून आज मानतो. आभारी आहे, मल्ल्या. लई आभारी आहे.

आता भिंतीचं. तुला सांगायची गरज नाही, पण उद्या हे कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. आपल्या व्हरांड्यातली लांब भिंत, तिच्यावर काळ्या चौकटी. एकेका चौकटीत एक इंग्रजी शब्द, त्याच्या खाली मराठीत अर्थ, आणि अर्थाच्या खाली पोरांच्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य. अर्थ तू लिहायचा, कारण तू इंग्रजीचा. वाक्य मी लिहायचं, कारण मी मराठीचा. आणि नियम एकच, दोघांचं जमल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचा नाही. तोवर खडूनं लिहायचं, भांडायचं, पुसायचं, परत लिहायचं. ‘शिफ्ट’ला तू ‘कामाची पाळी’ लिहिलंस, मी खाली लिहिलं, ‘बाबांची रात्रपाळी झालीय, हळू बोल.’ त्यावर तू डबा उघडून ब्रश माझ्या हातात दिलास. आईबाप एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, पोरांना ते वाक्य शिकवावं लागलंच नाही. ‘थर्स्ट’ला मी सांगोल्याचा टँकर घातला तेव्हा मात्र म्हणालास, "तुझं गाव काय सोडत न्हाईस बे तू." पण तोही रंगवलास.

सगळी भिंत भरली. एक चौकट तेवढी मोकळी राहिली, ‘स्लीप’ आणि ‘स्मेल’च्या मधली. ‘स्लर्प’ची.

त्याची सुरुवात अंबिकापासून झाली. ती पाचवीत होती. दप्तरं वाटायला शहरातून पाहुणे यायचे होते. त्याच्या दोन-चार दिवस आधी तिनं तुला विचारलं होतं, सर, तुम्ही चहा पिताना करता त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात? तू ऐन रंगात होतास, बशी ओठाशी. म्हणालास, "स्लर्प." आणि डोळे मिटून हसलास. आता पोरीनं काय समजायचं? तिनं बरोबरच समजलं, चहा झकास झाला की माणूस करतो ते स्लर्प. पाहुणे आले. चहाचा ट्रे तिच्या हातात दिला, कारण वर्गात इंग्रजी तिचंच बरं. एका टायवाल्या साहेबांपुढं ट्रे धरून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, प्लीज स्लर्प द टी."

आधी ते साहेब हसले, शेजारच्या बाई हसल्या, मग आपल्यातलेही दोघं-तिघं हसले. वाईट माणसं नव्हती ती. हसू आलं, हसली. पण अंबिकाचं तोंड बघवेना. काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, काय ते कळेना. सगळे हसतायत म्हणजे कौतुकच असेल असं समजून ती हळूच म्हणाली, "थँक्यू, सर."

तेव्हा तू उठलास. ट्रेमधला एक कप उचललास, चहा बशीत ओतलास आणि पाहुण्यांच्या समोर असा काही फुर्रर्र केलास की छतावरची कबुतरं उडाली. "येस, अंबिका," म्हणालास, "आय ॲम स्लर्पिंग. व्हेरी गुड टी." पोरं टाळ्या पिटायला लागली. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

संध्याकाळी आपण गाडीवरून निघालो. मी मागं बसून काहीबाही बोलतोय. अक्कलकोट रोडला चौकात पाळी सुटलेली, सायकली आणि गाड्यांची ही झुंबड. तू गाडी बाजूला घेतलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "दत्त्या, तिनं थँक्यू म्हटलं बे."

मग सांगितलंस. तू नवा नवा नोकरीला लागलेला, ट्रेनिंगला मोठ्या शहरात गेला होतास. जेवणाच्या टेबलावर सूप. समोर इंग्रजी शाळांमधले दोघं मास्तर. एकानं तुझ्याकडं बघून दुसऱ्याला इंग्रजीत म्हटलं, "ही स्लर्प्स." दोघं हसले. हा शब्द तोवर तुझ्या वाचण्यात आला नव्हता. तुला वाटलं, पाहुण्याला काहीतरी गोड बोलतायत. तू त्यांच्याकडं बघून मान लववलीस आणि थँक्यू म्हणालास. रूमवर जाऊन डिक्शनरी उघडलीस तेव्हा कळलं. "इंग्रजीचा मास्तर मी," म्हणालास, "आणि शिवी खाऊन आभार मानून आलो."

मी म्हटलं, शिवी कसली त्यात, असेल साधा शब्द. तू म्हणालास, "साधाच हाय. साध्या शब्दांचंच तर कळत न्हाय." मी विचारलं, "मग अजून तसाच का पितोस? सोडलं का न्हाईस?" तू गाडीला किक मारलीस. मला वाटलं, सवय. सुटत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आत तू त्या चौकटीत खडूनं लिहून मोकळा. ‘स्लर्प. आवाज करत पिणे. हा शब्द माणसाला नावं ठेवण्यासाठी वापरतात.’ मी आलो, वाचलं, आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसून टाकलं. तिथून जे लागलं ते लागलं.

मी म्हणायचो, आपल्या भिंतीवर आपणच आपल्याला नावं ठेवायची? कोण वाईट म्हणतंय ह्याला? कडक भाकरी कुस्करून आमटीचा भुरका मारल्याशिवाय पोट भरत नाही आपल्याकडं. आमटी भुरकतात, कढी ओरपतात, चहाचा फुरका मारतात. ह्या तीन वेगळ्या मजा आहेत, मल्ल्या. तुझ्या इंग्रजीनं तिन्हींचं एक गाठोडं बांधलं आणि वर घाण म्हणून शिक्का मारला. मी तो शिक्का पोरांच्या कपाळावर मारू देणार नाही. लिहायचं तर लिही, ‘आवडीनं आवाज करत पिणे.’

तू म्हणायचास, "शिक्का मी मारला न्हाय. मारलेला हाय, एवढंच सांगतोय. उद्या हितनं बाहेर पडल्यावर पोरांना कोण सांगणार हाय?"

"बाहेरच्यांचं बाहेर. आपल्यात ह्याला कुणी रागवत न्हाय."

"न्हाय? माझी आई, अव्वा, पाठीत धपाटा घालायची की. सोर्र अंत कुडीब्याड! म्हणजे सोर्र करून पिऊ नको म्हणून."

"तुझ्या अव्वाचं सोड. ती तुला श्वास घेतला तरी धपाटा घालत असंल."

ह्यावर तू असा हसलास की बशीतला चहा वहीवर सांडला. पण ऐकलं नाहीस. सकाळी तू लिहायचास, मधल्या सुट्टीत मी पुसायचो. मी लिहिलेलं तू पुसायचास. पोरं पैजा लावायची, आज कुणाचं टिकतंय म्हणून. तुझं तुला खरं, माझं मला. दोघंही हट्टी, आणि खरं सांगू का, दोघांनाही ते मिटवायचं नव्हतं. मिटलं असतं तर संध्याकाळचा चहा प्यायला कारण काय राहिलं असतं?

मग तुला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, आणि गिळणं अवघड होऊन बसलं. डॉक्टरांनी बजावलं, पातळ काही द्यायचं नाही, छातीत उतरेल. महादेवी वहिनी चहात कसलीशी पावडर घालून तो पेजेसारखा घट्ट करायच्या आणि चमच्यानं भरवायच्या. तू चमचा तोंडात घ्यायचास, गिळायचास, आणि आवाज यायचा नाही. इतकी वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या. आणि त्या खोलीत तो आला नाही तेव्हा मला बसवेना, मल्ल्या. पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो आणि तुमच्या जिन्यात उभा राहिलो.

वहिनी मागं आल्या. मला वाटलं आता ह्यांना मी धीर द्यायचा, तर त्याच मला म्हणाल्या, "भावजी, भांडा की त्यांच्यासंगं. तुमी भांडाय लागला की ते नीट गिळत्यात."

मग काय, शाळा सुटली की तुमच्या घरी. वहिनी चमचा भरायच्या आणि मी सुरू व्हायचो. "मल्ल्या, आता तरी हो म्हण. उद्याच्या उद्या रंगवतो. स्लर्प, आवडीनं आवाज करत पिणे. म्हण हो." तू डाव्या हाताचं बोट हलवायचास, न्हाय. तोंड वाकडं झालेलं, पण डोळे तेच, वात्रट. तेवढ्यात वहिनी चमचा आत सारायच्या आणि तू गिळायचास. मी म्हणायचो, तुझ्या इंग्रजीला आग लागो. तू बोट हलवायचास. आणखी एक चमचा जायचा.

शेवटच्या वेळी भेटलो तेव्हा छातीत कफ झाला होता, श्वास घरघरत होता. तेव्हासुद्धा मी भांडलोच. तेव्हासुद्धा तू न्हाय केलंस, बोट जेमतेम उचललं, पण उचललंस. मला म्हणायचं होतं, भिंत गेली खड्ड्यात, लेका, तू बरा हो. तुझ्याशिवाय ह्या शाळेत मी काय करू? पण ते बोललो असतो तर तुला कळलं असतं, की मला काय कळून चुकलंय ते. म्हणून भांडत राहिलो. तुलाही ते कळलं असेल. तू मास्तर माणूस, तुझ्यापासून काय लपणार होतं?

आता ह्या आठवड्यात काय झालं ते ऐक. नव्या मॅडम मनानं चांगल्या आहेत, तुझ्या आजारपणात मला लवकर सोडायच्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं, सोमवारी रंगारी येतोय, सगळा व्हरांडा रंगवणार. शब्दांची भिंत आहे तशी ठेवू, पण ती एक मोकळी चौकट बरी दिसत नाही. "तुम्ही लिहा, सर. नाहीतर मी तिथं स्माईल लिहून घेते. मुलांसाठी छान आहे."

स्माईल! मल्ल्या, एवढं भांडलो आपण, कोपरापर्यंत खडू माखून घेतला, आणि त्या जागेवर स्माईल? वर पिवळा गोल काढून दोन डोळे? मी म्हटलं, "मॅडम, शनिवारी शाळा सुटायच्या आत चौकट भरलेली दिसंल." म्हणायला म्हटलं. पण भरायची कशानं? नियम दोघांचा. तुझं लिहिलं तर मी हरलो. माझं लिहिलं तर तू गेल्यावर मी डाव साधला. आणि नाही लिहिलं तर स्माईल. त्या रात्री मी बायकोवर, कुत्र्यावर, सगळ्यांवर डाफरत होतो.

मग ठरवलं. माझं म्हणणं खरं आहे हे पोरांकडूनच वदवून घ्यायचं, मग तुलाही तोंड वर काढायला जागा राहणार नाही. नवा मास्तर येईपर्यंत तुझे इंग्रजीचे तास माझ्याकडं आलेत. हसू नकोस. आता माझ्या इंग्रजीला पोरंच सांभाळून घेतात. काल सातवीवर गेलो, फळ्यावर ‘स्लर्प’ लिहिलं आणि विचारलं, ह्याचा अर्थ कोण सांगेल? अर्थ कुणी सांगितला नाही. मागच्या बाकावरून एक फुर्रर्र आला. मग दुसरा. मग सगळ्या वर्गातून. तुझा आवाज, मल्ल्या, पन्नास तोंडांतून. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो, उगाच डस्टर शोधत.

मग म्हटलं, घरी ह्याला काय म्हणता? तेलुगू घरातला श्रीनिवास म्हणाला, "आमच्यात जुर्रु म्हणत्यात, सर." शबाना म्हणाली, "सुडकना." कानडी पोरांनी तुझ्या अव्वाचं सोर्र सांगितलं. मी खूश. म्हटलं, बघा, घराघरात ह्याला नाव आहे. आता हात वर करा बघू, घरी ह्याला कोण रागावतं?

मला वाटलं एकही हात वर होणार नाही. सगळे हात वर, मल्ल्या. शबानानं तर आईचा आवाज काढून दाखवला, "सुडक-सुडक को नक्को पी!" एक पोरगं म्हणालं, "सर, माझी आई चिमटा काढती."

"कधी काढते?"

"पावणं आल्यावर."

"आणि पाहुणे गेल्यावर?"

"मग तीबी तशीच पिती की, सर."

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. पण माझा मुद्दा गेला होता बाराच्या भावात. आणि तेवढ्यात अंबिका उभी राहिली. सातवीत आहे ती आता, उंच झालीय. पाहुण्यांच्या त्या दिवसाबद्दल ती कधी कुणाशी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"सर, मल्लिनाथ सरांना हे ठावं हुतं का? ह्या शब्दानं नावं ठेवत्यात ते?"

"होतं. आपल्यात सगळ्यांच्या आधी त्यांना माहीत होतं."

"त्या दिवशी पावण्यांसमोर प्याले, तवाबी?"

"तेव्हाही."

ती म्हणाली, "मला ठावं न्हवतं म्हणून मी लाजले, सर. त्यांना ठावं हुतं. ते कुटं लाजले?"

मल्ल्या, त्या दिवशी चौकात मी तुला विचारलं होतं, सोडलं का नाहीस, आणि तू किक मारलीस. उत्तर तू रोज देत होतास. मी समोर बसून ऐकत होतो आणि म्हणत होतो, सवय, सवय. सवय कसली बे? शब्दाचा अर्थ पुरता कळल्यावर, त्यातला टोमणासुद्धा कळल्यावर, तू ठरवून बशी उचलत होतास. पोरांनाही तुला तेच द्यायचं होतं. आधी कळू दे, कुणी काय म्हणतंय ते, म्हणजे मग प्यायचं की नाही हे त्यांचं ते ठरवतील. मी त्यांना नुसती मजा द्यायला निघालो होतो. मजा त्यांच्याकडं होतीच, घरोघरी, पाहुणे गेल्यावरची.

आज शनिवार. शाळा सकाळची. स्टूल घेतलं, पांढऱ्या रंगाचा डबा घेतला, आणि तुझा अर्थ लिहिला. तू जसा खडूनं लिहायचास तसाच, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. ‘आवाज करत पिणे. हा शब्द माणसाला नावं ठेवण्यासाठी वापरतात.’ खाली वाक्य माझं. ते लिहायला वेळ लागला नाही. ‘मला ह्याचा अर्थ माहीत आहे, आणि मी चहा फुरके मारतच पितो.’

मॅडम येऊन खाली उभ्या राहिल्या. वाचलं. म्हणाल्या, "सर, नावं ठेवतात वगैरे कशाला? मुलांच्या भिंतीवर चांगलं काहीतरी असावं. ‘आवडीनं आवाज करत पिणे’ असं लिहिलं तर?"

मी स्टुलावरून खाली बघत राहिलो. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? "न्हाय मॅडम. उद्या पोरं हितनं बाहेर जाणार. समोरचा हसतोय तो कशाला हसतोय हे त्यांना कळायला नको? आपण न्हाय सांगितलं तर कोण सांगणार हाय?" माझा आवाज चढला होता. सांगोल्याचा न्हाय आणि तुझा न्हाय एकच झाला होता. मी आणखी बोलणार होतो, अव्वाच्या धपाट्यापर्यंत जाणार होतो, पण मॅडम म्हणाल्या, "बरं बरं, राहू द्या, सर," आणि गेल्या.

राहू द्या! एवढ्यात? एका वाक्यात सोडून दिलं? माझी बाजू अशी एका वाक्यात टाकून देतात का, मल्ल्या? तू असं कधी सोडलं नसतंस. मी तर नाहीच नाही. तू समोर असतास तर मी हे जन्मात मानलं नसतं. रिटायर होईपर्यंत ती चौकट मोकळी ठेवली असती, रोज पुसली असती, रोज भांडलो असतो. आज मानलं, पुरतं मानलं, आणि ब्रश हातात धरून स्टुलावर उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं की तू गेलास.